ऑडिटरने साध्या युजरवरून सर्व्हिस अकाउंटचे पासवर्ड काढून दाखवले, सुरुवात कुठून करू?

सातपूर_सर्व्हररूम:

नमस्कार मंडळी. नाशिकला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघतो, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर, सगळं मी आणि एक ज्युनियर मुलगा. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाने सप्लायर ऑडिट लावलं होतं आणि यावेळी त्यात सिक्युरिटीचा माणूस पाठवला. त्याला आम्ही साधा डोमेन युजर दिला, स्टोअरच्या क्लार्कला असतो तसाच, ॲडमिन वगैरे काही नाही. त्याने लॅपटॉपवरून काहीतरी चालवलं, चहा प्यायला, निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी मेलमध्ये आमच्या तीन सर्व्हिस अकाउंटचे (माणूस नाही, सॉफ्टवेअर ज्या नावाने चालतं ते अकाउंट) पासवर्ड जसेच्या तसे लिहून पाठवले. त्यातलं एक ईआरपीच्या (कंपनीचा हिशोब-स्टॉक बघणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हरचं, म्हणजे डेटाबेसचं आहे, ते डोमेन ॲडमिन्समध्ये, म्हणजे अख्ख्या डोमेनवर पूर्ण अधिकार असलेल्या ग्रुपात आहे आणि त्याचा पासवर्ड २०११ नंतर बदललेलाच नाही, तेव्हा ईआरपी बसवणाऱ्यांनी जो ठेवला तोच, कंपनीचं नाव आणि पुढे साल.

रिपोर्टमध्ये कर्बेरोस्टिंग असं लिहिलंय. मी वाचलं थोडं, पण साहेबांना समजावता येईना. ते एकच विचारतात की पाच वेळा चुकलं की अकाउंट लॉक होतं ना आपल्याकडे, मग याने लाखो पासवर्ड लावून बघितले कसे? आणि मी लॉग बघितले तर खरंच एकही फेल्ड लॉगिन नाही.

दोन डीसी (लॉगिन तपासणारे डोमेन कंट्रोलर) आहेत, दोन्ही सर्व्हर २०१९. एसपीएन (सर्व्हिसचं डोमेनमध्ये नोंदलेलं नाव) असलेली युजर अकाउंट्स काढली तर वीसच्या आसपास निघाली, त्यातली निम्मी कशाची हेच कुणाला माहीत नाही. ईआरपीवाले म्हणतात पासवर्ड बदलला आणि काही बंद पडलं तर आमची जबाबदारी नाही, आणि डोमेन ॲडमिन काढायचं नाही, "आमच्या सगळ्या साइटवर असंच असतं". शॉप फ्लोअरवर एक विंडोज २००३ चं मशीनपण आहे, सीएनसीचे प्रोग्रॅम त्यावर असतात, ते बदलायला बजेट नाही.

तीन महिन्यांत गिऱ्हाईकाला क्लोजर द्यायचंय. मला मनापासून हे नीट करायचंय, नुसतं रिपोर्ट बंद करायला नाही. पहिलं काय करू, मग काय, आणि कशाला आत्ता हात लावू नको, एवढं कुणीतरी सांगा.


एडी_जुनाजाणता:

साहेबांना असं सांगा. डोमेनमधल्या कुठल्याही सर्व्हिसकडे जायचं तर डीसीकडून तिकीट घ्यावं लागतं. हे तिकीट मागायला युजर साधा असला तरी चालतो, डीसी तिथे बघतच नाही की याला त्या सर्व्हिसवर परवानगी आहे का, ते नंतर सर्व्हिसने बघायचं असतं. आणि तिकिटाचा एक भाग त्या सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. म्हणजे कुलूप घरी नेलं आणि निवांत बसून एकेक किल्ली लावून बघितली, दाराशी कुणी उभंच नाही. लॉकआउट मोजतो डीसी, आणि डीसीकडे इथे एकही चुकीचा प्रयत्न आलाच नाही. तिकीट मागितलं हे त्याच्या दृष्टीने रोजचंच काम. म्हणून तुमच्या लॉगमध्ये फेल्ड काही नाही.

यालाच कर्बेरोस्टिंग म्हणतात, आणि हे नवीन पण नाहीये. टिम मेडिन याने २०१४ ला डर्बीकॉन या सिक्युरिटी परिषदेत मांडलं होतं, तेव्हापासून प्रत्येक टेस्टर आणि प्रत्येक रॅन्समवेअर टोळी पहिल्या तासाभरात हेच करते कारण याला ना कुठलं पॅच नसलेलं मशीन लागतं ना ॲडमिन राइट. कर्बेरोस (ही तिकिटांची पद्धत) जसा बनवलाय तसाच चालतोय, त्यामुळे "पॅच टाकला की झालं" असं इथे होत नाही.

आता पासवर्ड एका रात्रीत का सापडला. जुन्या अकाउंटना तिकीट आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शनमध्ये मिळतं, आणि आरसी४ ची किल्ली म्हणजे थेट पासवर्डचा एनटी हॅश, एकदा एमडी४ फिरवलं की तयार, त्यात सॉल्ट (प्रत्येक अकाउंटला वेगळी मिसळलेली भर) नाही काही नाही. ग्राफिक कार्डवर हे भयानक वेगाने होतं. एईएस हे नवं एन्क्रिप्शन असेल तर प्रत्येक पासवर्डमागे ४०९६ फेऱ्या आणि वर सॉल्ट, त्यामुळे फोडणाऱ्याला तेच काम कितीतरी पट महाग पडतं. पण कंपनीचं नाव आणि साल असा पासवर्ड एईएसमध्येही पडणारच, तो यादीत वरच असतो.

सुरुवात कुठून तर माझं मत ठाम आहे, पासवर्डपासून नाही, अधिकारापासून. एसक्यूएलच्या अकाउंटला डोमेन ॲडमिन लागत नाही. कधीच लागत नाही. बसवताना कुठेतरी ॲक्सेस डिनाइड आलं आणि समोरच्याने सगळ्यात मोठ्या ग्रुपात टाकून विषय संपवला, एवढंच झालेलं असतं. पासवर्ड फुटला तरी एक डेटाबेस जाईल की अख्खं डोमेन जाईल हा फरक त्या एका ग्रुपमुळे आहे, आणि पासवर्ड बदलेपर्यंत तुम्ही रोज त्या धोक्यात बसलाय. ऑडिटरच्या मेलमध्ये तो पासवर्ड आता लिहिलेलाही आहे हे विसरू नका, मेल किती जणांना सीसी होता बघा.

यादी काढताना पॉवरशेलच्या गेट-एडीयूजरला सर्व्हिसप्रिन्सिपलनेम भरलेले सगळे युजर मागा आणि सोबत पासवर्डलास्टसेट, लास्टलॉगऑनडेट, ॲडमिनकाउंट आणि मेंबरऑफ घ्या, एक्सेलमध्ये टाका. ॲडमिनकाउंट १ (म्हणजे ॲडमिन ग्रुपात आहे किंवा कधी होतं) आणि पासवर्ड जुना अशी जी ओळ असेल तिला लाल रंग द्या, तिथून काम चालू. जी निम्मी कशाची माहीत नाहीत त्यांचा एसपीएन वाचा, त्यात सर्व्हरचं नाव असतं, तो सर्व्हरच आता अस्तित्वात नसेल तर एसपीएन काढून टाका. एसपीएन गेला की त्या अकाउंटवर हा हल्लाच होत नाही. बहुतेक ठिकाणी एक तृतीयांश तरी असे निघतात असा माझा अनुभव.


डीबीए_ठाणे:

वरच्यांनी अधिकाराचं बरोबर सांगितलं, मी एसक्यूएलचं सांगतो कारण तिथे लोक घाबरून थांबतात.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा की या एसक्यूएलला डोमेन अकाउंट हवंय कशाला. एकच सर्व्हर असेल, क्लस्टर (एका कामाला जोडलेले अनेक सर्व्हर) नसेल, तर एसक्यूएल बसवताना जे आपोआप मिळतं ते व्हर्च्युअल अकाउंट पुरतं, एनटी सर्व्हिस बॅकस्लॅश एमएसएसक्यूएलसर्व्हर नावाचं. नेटवर्कवर ते त्या मशीनच्या कॉम्प्युटर अकाउंटच्या नावाने जातं, त्याचा पासवर्ड लांबलचक रँडम असतो आणि मशीन स्वतःच दर ३० दिवसांनी बदलतं. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरच्या शेअरवर टाकायचा असेल तर त्या शेअरवर कॉम्प्युटर अकाउंटला परवानगी द्या, झालं. कितीतरी ठिकाणी डोमेन अकाउंट फक्त त्या बॅकअपच्या शेअरसाठी ठेवलेलं असतं.

डोमेन अकाउंट खरंच लागत असेल तर जीएमएसए, ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट. सर्व्हर २०१२ पासून आहे, एसक्यूएल २०१४ पासून चालतं. पासवर्ड २४० बाइटचा, डीसी बनवतो, डीफॉल्टला ३० दिवसांनी बदलतो, कुठल्याही माणसाला तो माहीत नसतो आणि माहीत करून घ्यायची गरजही नसते. कर्बेरोस्टिंगवाल्याने याचं तिकीट नेलं तर खुशाल नेऊ दे.

करताना अडखळतं कुठे ते सांगतो. फॉरेस्टमध्ये (अख्ख्या डोमेन रचनेत) एकदा केडीएस रूट की, म्हणजे जीएमएसएचे पासवर्ड जिच्यापासून बनतात ती किल्ली, बनवावी लागते, ती बनवल्यावर १० तास थांबायचं असतं, सगळ्या डीसींपर्यंत पोचावी म्हणून. नेटवर वेळ मागे टाकून लगेच वापरायची युक्ती सापडेल, ती लॅबसाठी आहे, प्रॉडक्शनला करू नका. मग एक ग्रुप बनवा, त्यात फक्त तो एसक्यूएल सर्व्हर, दुसरं काही नाही, आणि पासवर्ड वाचायचा हक्क त्या ग्रुपला. सर्व्हर ग्रुपात टाकल्यावर रीस्टार्ट लागतो, नाहीतर त्याला ग्रुपात आल्याचं कळतच नाही आणि टेस्ट-एडीसर्व्हिसअकाउंट ही तपासणीची कमांड फॉल्स देत राहते, लोक इथेच तासन् तास शोधत बसतात. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा ते अकाउंट बनवतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही.

मग सर्व्हिसचं अकाउंट बदलायचं ते एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून, विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून नाही, कारण फोल्डर आणि रजिस्ट्रीच्या परवानग्या कॉन्फिगरेशन मॅनेजर देतो. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह, पासवर्डची जागा रिकामी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या अकाउंटवरचा एसपीएन काढून नव्यावर टाका. दोघांवर राहिला तर क्लायंटला "कॅनॉट जनरेट एसएसपीआय कॉन्टेक्स्ट" असा एरर येतो आणि मग ईआरपीवाले म्हणतात बघा आम्ही सांगितलं होतं. सेटएसपीएनला एक्स स्विच देऊन डुप्लिकेट तपासा, आधी आणि नंतर दोन्ही वेळा.

ईआरपीचं ॲप्लिकेशन एसक्यूएलशी एसए (एसक्यूएलचं स्वतःचं ॲडमिन लॉगिन) किंवा एसक्यूएल लॉगिनने बोलत असेल, आणि जुन्या ईआरपीत बहुतेक तसंच असतं, तर एसक्यूएलची सर्व्हिस कुठल्या अकाउंटने चालते याच्याशी त्या ॲप्लिकेशनला काही देणंघेणं नाही. हे वेंडरला लेखी विचारा, नेमकं कुठलं काम डोमेन ॲडमिनशिवाय होत नाही ते सांगा म्हणून. तोंडी "सगळीकडे असंच" म्हणणारे लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा मोकळे होतात.


इन्फ्रा_ताई:

सगळं बरोबर चाललंय पण कर्बेरोस्टिंग म्हणजे एकच दार आहे, आणि तुम्ही तेवढंच बंद करून थांबाल अशी भीती वाटते म्हणून लिहितेय. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड चोरीला जायचे निदान अजून चार रस्ते तुमच्यासारख्या सेटअपमध्ये हमखास असतात.

एक, ज्या मशीनवर सर्व्हिस एखाद्या युजरच्या नावाने चालते त्या मशीनच्या रजिस्ट्रीत, एलएसए सीक्रेट्समध्ये, तो पासवर्ड ठेवलेला असतो, कारण बूट झाल्यावर विंडोजला तो वापरावा लागतो. त्या मशीनचा लोकल ॲडमिन तो मूळ रूपात काढू शकतो, फोडायची गरजच नाही, तीस अक्षरी असला तरी. म्हणजे बॅकअप एजंटचं एकच अकाउंट सगळ्या सर्व्हरवर असेल तर सगळ्यात कच्चा सर्व्हर जेवढा सुरक्षित तेवढंच ते अकाउंट सुरक्षित. म्हणून एका कामाला एक अकाउंट, आणि ते अकाउंट लागेल तेवढ्याच मशीनवर. जीएमएसएलाही हे लागू आहे बरं का, ज्या सर्व्हरला पासवर्ड वाचायची परवानगी आहे तो हातात गेला की पासवर्ड गेला, म्हणून डीबीएदादांनी सांगितलं तसा ग्रुप छोटाच ठेवा.

दोन, सिसव्हॉल, म्हणजे डीसीवरचा ग्रुप पॉलिसीच्या फाइलींचा शेअर. २०१४ च्या आधी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून लोकल ॲडमिनचे, सर्व्हिसचे, शेड्यूल्ड टास्कचे पासवर्ड लोक वाटायचे, ते एक्सएमएल फाइलमध्ये सीपासवर्ड नावाने राहायचे आणि ते उघडायची किल्ली मायक्रोसॉफ्टनेच डॉक्युमेंटेशनमध्ये छापलेली होती. मे २०१४ ला एमएस१४-०२५ आलं, पण त्याने नवीन टाकणं बंद झालं, जुन्या फाइली तशाच पडून राहतात. सिसव्हॉल प्रत्येक डोमेन युजरला वाचता येतो. तुमचं ईआरपी २०११ चं, म्हणजे डोमेन त्याच काळातलं, आज जेवणाआधी फाइंडस्टरने सीपासवर्ड शोधा. सोबत लॉगिन स्क्रिप्टपण वाचा, त्यात नेट यूजच्या पुढे पासवर्ड लिहिलेला असतोच.

तीन, प्रिंटर. मोठी मल्टिफंक्शन मशीन्स स्कॅन टू फोल्डर आणि ॲड्रेस बुकसाठी एक अकाउंट वापरतात, आणि मशीनच्या वेब पॅनेलचा पासवर्ड कंपनीतून आला तोच असतो. कुणीही आत जाऊन एलडॅप (युजरची यादी देणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःच्या लॅपटॉपचा टाकला आणि टेस्टचं बटण दाबलं की प्रिंटर तो पासवर्ड साध्या अक्षरांत त्याच्याकडे पाठवून देतो. मी स्वतः हे एका ऑफिसात बघितलंय, तिथे प्रिंटरला दिलेलं अकाउंट बॅकअप ऑपरेटर्समध्ये होतं, कारण म्हणे स्कॅन कुठल्याही फोल्डरला जायला हवं. पॅनेलचा पासवर्ड बदला, प्रिंटरचं अकाउंट वेगळं करा, त्याला एका फोल्डरपलीकडे काही देऊ नका, आणि एलडॅप असेल तर एलडॅपएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, करा.

चार, सर्व्हिस अकाउंटने आरडीपी (रिमोट डेस्कटॉप) करणं. नेटवर्क लॉगऑन, म्हणजे टाइप ३, झाला तर समोरच्या मशीनच्या मेमरीत परत वापरता येईल असं काही राहत नाही. आरडीपीने गेलात तर राहतं, आणि तिथून एलएसएएसएसची (लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोसेसची) मेमरी वाचणारा ते घेऊन जातो. म्हणून सगळी सर्व्हिस अकाउंट एका ग्रुपात घालून ग्रुप पॉलिसीने त्या ग्रुपाला लोकल लॉगऑन आणि रिमोट डेस्कटॉप दोन्ही डिनाय करा. ईआरपीचा सपोर्टवाला त्याच अकाउंटने रिमोटला येतो का ते मात्र आधी बघा, बहुतेक येत असेल. त्याला त्याच्या नावाचं वेगळं अकाउंट द्या, काम नसेल तेव्हा बंद ठेवा.

आणि एक, प्रोटेक्टेड युजर्स ग्रुप चांगला आहे असं वाचून सर्व्हिस अकाउंट त्यात टाकू नका. तो माणसांच्या ॲडमिन अकाउंटसाठी आहे, सर्व्हिस आणि कॉम्प्युटर अकाउंट त्यात घालू नये असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.


रात्रपाळी_एसओसी:

पकडायचं कसं ते कुणी बोललं नाही म्हणून भर घालतो. दोन्ही डीसीवर ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीत कर्बेरोस सर्व्हिस तिकीट ऑपरेशन्स चालू करा, सक्सेस आणि फेल्युअर दोन्ही. मग ४७६९ नंबरचा इव्हेंट पडायला लागेल, प्रत्येक तिकिटाला एक. प्रचंड पडतो, घाबरू नका. त्यात तिकीट एन्क्रिप्शन टाइप ०एक्स१७ म्हणजे आरसी४, ०एक्स१२ म्हणजे एईएस २५६. सर्व्हिसच्या नावाच्या शेवटी डॉलर असेल ती मशीन्स आणि जीएमएसए, ती बाजूला काढा, केआरबीटीजीटी (डीसीचं स्वतःचं तिकिटांचं अकाउंट) काढा, मग जे ०एक्स१७ उरेल ते बघण्यासारखं. आणि एकच युजर एकाच मिनिटात दहा वेगवेगळ्या सर्व्हिसची तिकिटं घेतोय तर तो माणूस नाही, ते टूल आहे.

पण दोन माणसांच्या आयटीला रोज हे बघणं जमणार नाही, खरं सांगतो. त्यापेक्षा आमिष लावा. एक अकाउंट असं ठेवा की ज्याला एसपीएन आहे पण त्यामागे सर्व्हिसच नाही. कुणाचंच काम त्याच्याशी नाही म्हणजे त्याचं तिकीट ज्याने मागितलं तो चोरच, किंवा ऑडिटर. या एका अकाउंटचा ४७६९ आला की मेल आणि एसएमएस, बाकी शांतता. फॉल्स अलार्म जवळपास शून्य.

आमिष खरं वाटायला हवं. नवीन अकाउंट बनवलं तर पासवर्डची तारीख कालची दिसते आणि हुशार माणूस त्याला हात लावत नाही, त्यामुळे तुमच्या बेवारशी यादीतलं एखादं जुनं घ्या. मोठा रँडम पासवर्ड ठेवायचा तर तारीख बदलते, पण दोन-तीन महिने जुनं झालं की तेही खपून जातं. क्षणभर डोमेन ॲडमिन्समध्ये टाकलं, तासाभराने काढलं, तर ॲडमिनकाउंट १ तसाच राहतो, आपोआप शून्य होत नाही, आणि हल्लेखोर तोच आधी शोधतो. फक्त हे पासवर्ड मोठा केल्यानंतरच करा. अकाउंट चालू असलंच पाहिजे, डिसेबल केलेल्याचं तिकीट डीसी देत नाही. सगळीकडे लॉगऑन डिनाय, आणि एसपीएन तुमच्या बाकी एसक्यूएल सर्व्हरच्या नावांसारखाच.

लॉग किती दिवस ठेवायचे विचाराल तर सर्ट-इनच्या (सायबर घटना बघणारी भारत सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवस, आणि घटना घडली तर कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं. डीसीवरची सिक्युरिटी लॉगची डीफॉल्ट साइज दिवसभरही पुरणार नाही, त्यामुळे लॉग दुसरीकडे पाठवायची सोय करा, विंडोजचं इव्हेंट फॉरवर्डिंग फुकट आहे, त्याने सुरुवात होते.


सातपूर_सर्व्हररूम:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी मीटिंगमध्येपण समजावलं नव्हतं. जे केलं ते सांगतो.

ताई, सिसव्हॉलमध्ये सापडलं. ग्रुप्स डॉट एक्सएमएल, सगळ्या पीसीच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड, आणि तोच अजून चालू होता. फाइल काढली, आता लॅप्स (लोकल ॲडमिनचे पासवर्ड सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) लावतोय म्हणजे प्रत्येक पीसीचा वेगळा होईल. प्रिंटरचे पॅनेलही सगळे डीफॉल्टवर होते, बदलले.

ईआरपीवाल्यांना लेखी विचारलं. उत्तर आलं की डोमेन ॲडमिन "रेकमेंडेड" आहे, नेमकं कशाला ते लिहिलं नाही. मग साहेबांनी स्वतः फोन केला आणि रविवारी त्यांचा इंजिनियर लाइनवर ठेवून आम्ही अकाउंट ग्रुपातून काढलं. ईआरपी चाललं. रात्रीचा बॅकअप मात्र फेल गेला, एनएएसवरच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेजवरच्या) फोल्डरला परवानगी नव्हती, ती दिली, सुटलं. म्हणजे एवढी वर्षं त्या एका फोल्डरसाठी ते अकाउंट डोमेन ॲडमिन होतं.

आता दोन अडचणी. एसक्यूएल २०१२ आहे, म्हणजे जीएमएसए नाही, अपग्रेड पुढच्या आर्थिक वर्षात. आणि एईएसची टिक लावायला गेलो तर ज्युनियर म्हणाला २००३ चं मशीन बंद पडेल. हे खरं आहे का? पासवर्ड बदलायलापण हात थरथरतोय, तो कुठेकुठे टाकलाय ते कसं शोधू, मार्च अखेर तोंडावर आहे.


एडी_जुनाजाणता:

छान काम केलंत, साहेब फोन उचलणारे मिळाले हेही महत्त्वाचं.

पासवर्ड कुठेकुठे वापरलाय ते असं शोधा. सगळ्या सर्व्हरवरून विन३२ सर्व्हिसची यादी काढा, त्यात स्टार्टनेममध्ये हे अकाउंट कुठे दिसतं बघा, शेड्यूल्ड टास्कचंही तसंच. मग डीसीवर ४७६८, ४७६९ आणि एनटीएलएमसाठी (जुनी लॉगिन पद्धत) ४७७६ मध्ये या अकाउंटने कुठल्या मशीनवरून लॉगिन होतंय ते महिनाभर साठवा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे, कारण पगाराचा आणि जीएसटीचा जॉब महिन्यातून एकदाच जागा होतो आणि तोच विसरला जातो. म्हणून मार्च अखेर होऊन जाऊ दे, लॉग आत्तापासून साठवा, बदल एप्रिलच्या पहिल्या रविवारी करा. अधिकार काढलेले असल्यामुळे तेवढं थांबणं परवडतं, ग्रुपात असतं तर थांबा म्हणालो नसतो. फक्त ऑडिटरकडे जो पासवर्ड आहे तो फिरतोय हे लक्षात ठेवून तोपर्यंत आरडीपी आणि लोकल लॉगऑन डिनाय आजच लावा.

नवीन पासवर्ड माणसाने बनवायचा नाही. पासवर्ड मॅनेजरमधून तीस-चाळीस अक्षरांचा रँडम काढा, सर्व्हिसच्या खिडकीत (एसक्यूएल असेल तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये) पेस्ट करा, मॅनेजरमध्ये ठेवा, कुणाच्या डोक्यात तो राहायची गरज नाही. फाइन ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी करून ती सर्व्हिस अकाउंटच्या ग्रुपाला लावा, किमान लांबी ३०, म्हणजे उद्या तुम्ही सुट्टीवर असताना कुणी परत साल टाकून ठेवू शकणार नाही. डीफॉल्ट डोमेन पॉलिसीला हात लावायचा नाही, क्लार्कला तीस अक्षरं दिली तर तो चिठ्ठी चिकटवेल.

एईएसचं. ज्युनियर अर्धा बरोबर आहे. २००३ एईएस बोलतच नाही, त्यामुळे त्या मशीनला जी सर्व्हिस लागते तिचं अकाउंट फक्त एईएसवर नेलं तर अडेल. पण ते मशीन तुमच्या एसक्यूएलकडे जातं का? सीएनसीचे प्रोग्रॅम म्हणजे बहुतेक फक्त फाइल शेअर. रात्रपाळीवाल्यांनी सांगितलेल्या ४७६९ मध्ये त्या मशीनचा आयपी शोधा, तो एसक्यूएलच्या अकाउंटचं तिकीट कधी घेत नसेल तर एसक्यूएलला बिनधास्त एईएस लावा. दोन्ही टिका, १२८ आणि २५६, म्हणजे एमएसडीएस-सपोर्टेडएन्क्रिप्शनटाइप्स २४ होतं. २००३ ला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) टाका, फक्त त्या एका शेअरपुरता रस्ता उघडा ठेवा.

टिक लावून थांबू नका. डोमेन ज्या काळात २००८ च्या फंक्शनल लेव्हलला (डोमेनच्या आवृत्तीला) गेलं त्याच्या आधीचा पासवर्ड असेल तर त्या अकाउंटची एईएसची किल्ली बनलेलीच नसते, ती पासवर्ड बदलताना बनते. तुमचा २०११ चा आहे, तेव्हा लेव्हल काय होती कुणास ठाऊक, म्हणून टिक आणि नवीन पासवर्ड एकाच बैठकीत. मायक्रोसॉफ्टने आरसी४ डीसीच्या डीफॉल्टमधून काढायचं जाहीर केलंच आहे, म्हणजे हे काम आज नाही तर उद्या तुमच्या गळ्यात पडणारच होतं.

साहेबांना किंवा गिऱ्हाईकाला उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या असेन्शन हॉस्पिटल समूहाचं द्या. मे २०२४ मध्ये रॅन्समवेअर, सुमारे ५६ लाख लोकांची माहिती गेली. तिथले सिनेटर रॉन वायडन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये एफटीसीला (तिथली ग्राहक आणि स्पर्धा बघणारी सरकारी संस्था) पत्र लिहिलं, त्यात हा हल्ला कर्बेरोस्टिंगने पुढे सरकला आणि विंडोज अजून डीफॉल्टला आरसी४ चालवून घेतं यावर थेट बोट ठेवलंय. सुरुवात एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या चुकीच्या क्लिकने झाली होती. तुमच्या ऑडिटरकडेही साध्या युजरपेक्षा जास्त काही नव्हतं.


डीबीए_ठाणे:

एसक्यूएल २०१२ ला जीएमएसए नाही पण व्हर्च्युअल अकाउंट चालतं, वर लिहिलं होतं ते परत वाचा. क्लस्टर नाही, आणि एनएएसवरच्या एका फोल्डरचाच प्रश्न आहे हे तुम्हीच शोधलंत. एनएएस डोमेनला जोडलेला असेल तर त्या फोल्डरवर एसक्यूएल सर्व्हरच्या कॉम्प्युटर अकाउंटला लिहायची परवानगी द्या, शेअर आणि फाइल दोन्ही लेव्हलला, आणि एप्रिलमध्ये पासवर्ड बदलायच्या ऐवजी अकाउंटच काढून टाका. जुन्यावरचा एसपीएन तेवढा आधी काढा, सर्व्हिस चालू झाली की एसक्यूएल कॉम्प्युटर अकाउंटवर स्वतः नोंदवतो, एरर लॉगच्या सुरुवातीलाच ती ओळ दिसते.


इन्फ्रा_ताई:

डीबीएदादांना अनुमोदन. जुनं अकाउंट मात्र लगेच डिलीट करू नका, डिसेबल करून जून अखेरपर्यंत ठेवा, तिमाहीचा एखादा रिपोर्ट त्याच्यावर निघाला तर परत चालू करता येतं आणि लॉगमध्ये कोण मागतंय तेही दिसतं.


सातपूर_सर्व्हररूम:

एनएएस डोमेनमध्येच आहे. आत्ता बसून टेस्ट सर्व्हरवर हेच करून बघितलं, कॉम्प्युटर अकाउंटने बॅकअप त्या फोल्डरला गेला. एप्रिलचा पहिला रविवार ठरवलाय, बाकीच्या वीसातली सात बेवारशी निघाली, त्यांचे एसपीएन काढले, एक आमिषासाठी ठेवलंय. झाल्यावर इथेच लिहितो.